कलानिधीगडाचा एक दिवसाचा पॅकेज ट्रेक: कॉलेजनं ज्यांच्याकडं बोट दाखवलं त्यांच्याबद्दल

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक भाकरीचा, एक ड्रायव्हरचा आणि एक त्या काळ्या टोपीतल्या पोराचा, ज्याच्यावर खाली सविस्तर लिहितो. उरलेले दोन का कापले ते सांगायलाच बसलोय, तेव्हा थोडं लांबेल.

कंपनीचं नाव घालत नाही. चालवणारी पोरं पंचविशीच्या आतली आहेत, धंदा नवा आहे, एका माणसाच्या चार ओळींनी कुणाचं दुकान बसायला नको. शिवाय आमच्या बेळगावात अशा मंडळींच्या इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती इतक्या सारख्या असतात की, एकाबद्दल लिहिलेलं बाकीच्यांनाही पुष्कळ लागू पडेल. तेच ढग, तीच हात पसरून उभी असलेली मुलगी, आणि खाली 'लिमिटेड सीट्स'.

आता मी, पन्नाशी गाठलेला फाउंड्रीतला माणूस, पैसे भरून कलानिधीगडाला का गेलो? मुलीच्या कॉलेजमुळं. तिथं आता-आतापर्यंत पोरांचंच एक ट्रेकिंगचं मंडळ होतं. वरच्या वर्गातली खालच्यांना न्यायची, एक सर नावापुरते सोबत असायचे, खर्च म्हणजे एसटीचं तिकीट आणि डब्यातल्या चपात्या. एके दिवशी नोटीस लागली: कॉलेजच्या नावानं विद्यार्थ्यांनी बाहेर कुठलाही साहसी कार्यक्रम काढायचा नाही. जायचंच असेल तर नोंदणीकृत ऑपरेटरकडून जा, आणि पालकांचं हमीपत्र शंभराच्या ई-स्टॅम्पवर आणून द्या. सोबत दोन-तीन ऑपरेटरांची नावंही तोंडी सांगितली गेली. लेखी नाही, तोंडी. हे ध्यानात ठेवा.

मुलगी म्हणाली, "पप्पा, मी जातो की. कॉलेजनंच सांगितलंय ह्यांच्याकडनं जावा म्हणून." मी म्हटलं, जा, पण पहिल्या खेपेला मी पण येतो. तिनं तोंड वाकडं केलं आणि गाडीत माझ्यापासून चार सीट लांब बसायच्या अटीवर कबूल झाली.

बुकिंग सोपं होतं. माणशी बाराशे रुपये, फोन पे, लगेच व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात सोबत काय आणायचं याची यादी. यादी चांगली होती. जास्तीचे मोजे, जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पुडी, पायात चप्पल चालणार नाही, जीन्स नको. जीन्स नको हे लिहिणाऱ्याला पावसाळ्यातला डोंगर ठाऊक आहे असं वाटलं आणि मी जरा निवांत झालो. मग इंग्रजीतला फॉर्म आला. त्यात मी स्वतःच्या जोखमीवर येतोय, काहीही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत, मी आणि माझे वारस कुठलाही दावा करणार नाही, असं दोन पानं भरून होतं. ग्रुपमधल्या चाळीसेक जणांनी पाच मिनिटांत अंगठ्याची खूण टाकली. वाचला कुणीच नसणार. असल्या एकतर्फी अटींना ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली आव्हान देता येतं, पण ते सगळं नंतरचं, वकिलाच्या ऑफिसातलं. डोंगरावर त्या कागदाचा उपयोग डोक्यावर धरायलाही नाही, भिजतो.

पहाटे साडेपाचला धर्मवीर संभाजी चौकातून दोन टेम्पो ट्रॅव्हलर निघाल्या. दहा मिनिटं उशीर, तोही एका पोराच्या आईनं त्याला पुन्हा घरी पाठवून छत्री आणायला लावल्यामुळं. हिंडलगा, सुळगा, बाची, मग शिनोळी, आणि शिनोळीला कर्नाटक मागं पडतं. आमच्या ड्रायव्हरनं पावसात वेंगुर्ला रस्त्यावर एकदाही घाई केली नाही. मागून दुसरी गाडी हॉर्न मारत होती, तरी यानं वळणावर वाट दिली नाही. खरं तर असल्या सहलीतला सगळ्यात धोक्याचा भाग रस्त्याचाच असतो, आणि तो ज्याच्या हातात असतो त्याला कुणी 'लीडर' म्हणत नाही. त्याचा तारा पक्का.

पाटणे फाट्याला पोहे आणि चहा. पोहे गार होते, चहा फक्कड.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातच का नेतात, याचं कारण सांगून ठेवतो, कारण बाहेरच्यांना वाटतं आमच्या भोवती सह्याद्री मोकळा पडलाय. खानापूरकडचं रान, भीमगड, जांबोटी, कणकुंबीचा पट्टा, सगळं जवळ आहे खरं; पण भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात धबधब्यांकडं जाणारे रस्ते बंद होतात. दूधसागरला रुळांवरून चालत जाणाऱ्यांना रेल्वे पोलिसांनी जुलै २०२३ मध्ये उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर तोबा गर्दी झाल्यावर कर्नाटकच्या वनखात्यानं राज्यभरच्या ट्रेकवर निर्बंध आणले आणि पुढं ऑनलाइन बुकिंग सुरू केलं. राजहंसगडावर तर गाडी थेट वर जाते, तिथं कसला आलाय ट्रेक. म्हणून मग बेळगावची पोरं हद्द ओलांडून महाराष्ट्रात: कलानिधीगड, पारगड, गंधर्वगड, महिपालगड.

कलानिधीगड या सगळ्यांत नवख्यांना बरा. कालिवडे गावातून चढ सुरू होतो, रानातून वाट आहे, वर तटबंदी अजून बऱ्यापैकी उभी आहे, देऊळ आहे, विहीर आहे. ऑगस्टमध्ये वर धुक्याशिवाय काही दिसत नाही, पण पोरांना धुकंच पाहिजे असतं.

पायथ्याला गोल करून उभं केलं. मुख्य लीडर, अंगात छान निळं जॅकेट, त्यानं पाच मिनिटं भाषण केलं. कचरा टाकू नका, घोषणा द्यायच्या तर वर जाऊन द्या, रील काढताना आम्हाला टॅग करा. मी वाट बघत होतो की आता सांगेल: पुढं कोण, मागं कोण, किती वाजता कुठंही असलो तरी उलटं फिरायचं, कुणी चुकलं तर त्यानं काय करायचं. काही नाही. हजेरीसुद्धा नाही, "सगळे आले ना?" एवढंच. सगळे आले ना म्हटल्यावर जो आलेला नाही तो 'नाही' म्हणणार आहे का?

मी विचारलं, "बाळा, इथनं १०८ फिरवला तर गाडी चंदगडची येणार की बेळगावची?" तो हसला. "काका, नेटवर्क असतंय की इथं." मी नेटवर्कचं विचारलं नव्हतं. आमच्या या पट्ट्यात फोन कधी कुठल्या राज्याचा टॉवर पकडतो याचा नेम नसतो, आणि दोन्ही राज्यांचा १०८ वेगळा चालतो. चंदगडला ग्रामीण रुग्णालय आहे, हाड मोडलं तर आधी तिथं की सरळ बेळगावला, हे खाली उभं असतानाच ठरलेलं बरं. आमच्या शॉपमध्ये १४०० अंशांचं लोखंड ओततात. तिथं शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुपरवायझर हेच विचारतो, रोज, तेच ते कंटाळवाणे प्रश्न. कुणी भाजलं तर कुठं न्यायचं, कुणी न्यायचं, किल्ली कुणाकडं. अपघात झाला म्हणून भट्टी बंद करून ओतकाम दुसऱ्याच्या अंगणात नेलेलं मी आजवर पाहिलं नाही. चौकशी होते, लॅडल म्हणजे ओतायचं भांडं तपासतात, माणूस पुन्हा शिकवतात, आणि भट्टी पेटते.

चढताना काय व्हायचं तेच झालं. निळं जॅकेट पुढच्या दमदार पोरांबरोबर झपाझप निघून गेलं. मधे दहा-पंधरा जणांचा घोळका, आणि मागं मी, दोन जाडसर मुली, एक बँकेतले गृहस्थ आणि काळ्या टोपीतला एक पोरगा. हा पोरगा कंपनीचा नव्हता हे मला नंतर कळलं. तो अर्ध्या पैशात आला होता, 'व्हॉलंटिअर' म्हणून, आणि आधी त्याच बंद पडलेल्या कॉलेज मंडळात होता. त्याच्या पाठीवर पंधरा-वीस मीटर दोर होता, स्वतःच्या पैशानं घेतलेला. वाट फुटते तिथं तो थांबायचा, मागचा माणूस दिसल्याशिवाय हलायचा नाही. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, "सीनिअरनं. मी फर्स्ट इयरला असताना मला शेवटीच चालवायचे. पुढं जायला द्यायचेच नाहीत."

उतरताना एका मुलीचा पाय ओल्या दगडावरून घसरून मुरगळला. फर्स्ट एडची पेटी कुठं? निळ्या जॅकेटच्या पिशवीत. निळं जॅकेट कुठं? खाली, भाकरीपाशी. टोपीवाल्यानं तिच्या बुटाच्या नाड्या सैल केल्या, बूट काढू दिला नाही, माझ्या घड्या घातलेल्या मफलरनं घोटा बांधला आणि दोघांच्या खांद्यावर तिला उतरवलं. खाली पेटी मिळाली तेव्हा तिच्यात स्प्रे होता, क्रेप बँडेज होतं, सगळं नवंकोरं, प्लास्टिकमधलं. पेटी चांगलीच होती हो. फक्त डोंगराच्या चुकीच्या टोकाला होती.

जेवण गावातल्या एका घरी. तांदळाच्या भाकऱ्या चुलीवरच्या, झुणका, वांग्याची भाजी, ठेचा, वर ताक. पोटभर आणि मायेनं वाढलं. भाकरीचा तारा त्या मावशींचा, कंपनीचा नव्हे, पण त्यांना शोधलं कंपनीनं म्हणून देतोय.

इथपर्यंत मी चार तारे देणार होतो. पाचवा कुणालाच देत नाही.

परतीच्या वाटेवर गाड्या थांबल्या. 'सरप्राइज पॉइंट.' एक ओढा, त्याला आलेलं पाणी, पुढं छोटा धबधबा. वीस मिनिटं, फोटो काढा, पाण्यात जा, पण सांभाळून. ना दोर, ना हवेची ट्यूब, ना पाण्यात कोण कुठवर जाणार याची हद्द. चाळीस जण, त्यातल्या किती जणांना पोहता येतं हे कुणी विचारलेलं नाही. मी माझ्या मुलीला हाक मारून वर बोलावलं, तिची चारचौघांत शोभा झाली, तरी बोलावलं. टोपीवालाही काठावर उभा राहून एकेकाला मागं ओढत होता.

का ते बेळगावकरांना सांगायला नको. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या समुद्रात आपल्याच गावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्याच चार मुली बुडाल्या, किटवाड म्हणजे याच चंदगड तालुक्यात. डिसेंबर २०२४ मध्ये मुर्डेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या शाळेच्या चार मुली. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजचे चौदा विद्यार्थी. यातलं एकही प्रकरण ट्रेकिंगच्या मंडळाचं नाही. सगळी सहल, सगळं पाणी, सगळी 'जरा थांबू या'. जीव पाण्यात गेले आणि बंदी आली डोंगरावर. आणि ती बंदी पाळून पैसे भरून आलेली पोरं शेवटी उभी कुठं राहिली, तर पाण्यातच.

कॉलेजवाल्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. जून २०१४ मध्ये हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी हिमाचलात ब्यास नदीत वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं होतं. तिथल्या हायकोर्टानं प्रत्येक कुटुंबाला २० लाख द्यायला लावले, आणि ते नुसत्या वीजमंडळाकडून नाही: ६० टक्के मंडळानं, ३० टक्के कॉलेजनं, १० टक्के सरकारनं. असा निकाल वाचल्यावर कुठल्याही संस्थाचालकाच्या पोटात गोळा येणारच. पण त्या निकालातून शिकायचं काय? सोबतच्या सरांनी पोरांना नदीत उतरू देऊ नये, हे. आमच्याकडं शिकले काय, तर सोबत सरच पाठवू नयेत, हे. मग पाय मुरगळला तर ऑपरेटरचा, बुडालं तर बापाचं.

हा उद्योग आपल्याकडचाच आहे असंही नाही. मंडळ चालू ठेवा म्हणून पोरांनी प्राचार्यांना दिलेल्या अर्जात अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाची गोष्ट जोडली होती, मग मीही वाचून काढली. तिथला आऊटिंग क्लब १९२० सालचा. २०१८ मध्ये, शंभरीला दोन वर्षं कमी असताना, विद्यापीठानं सांगितलं की यापुढं पोरांनी पोरांना डोंगरात न्यायचं नाही. गुहा धुंडाळणाऱ्यांचा आणि पाण्याखाली उतरणाऱ्यांचा क्लबही त्याच फटक्यात. कारणं काय, तर दूरच्या जागा, फोन लागत नाही, दवाखाना लांब. गंमत अशी की रायफल क्लब चालू राहिला, त्यात धोका कमी म्हणे! आणि जायचंच तर विद्यापीठाच्याच पगारी माणसांबरोबर पैसे भरून जा. निदान त्यांनी आपली माणसं तरी ठेवली होती, शिकवलेली, विद्यापीठाच्या पगारावरची. आमच्याकडं प्राचार्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि पोरांना तोंडी नावं दिली. ती नावं कुणी तपासली, त्यांच्याकडं प्रथमोपचार शिकलेला एकतरी आहे का, माणशी किती लीडर, हे कॉलेजात कुणालाच सांगता आलं नाही. मी जाऊन विचारलं. क्लार्क म्हणाला, "रजिस्टर्ड आहे की सर." कशात रजिस्टर्ड? जीएसटीत.

कंपनीच्या बाजूनंही एक सांगितलं पाहिजे. बाराशेत गाडी, नाश्ता, जेवण, तीन पोरांची मजुरी काढून त्यांच्या हातात काय राहत असेल? सीट भरली नाही तर तोटा. म्हणून चाळीसच्या चाळीस भरतात, म्हणून 'सरप्राइज पॉइंट' लावतात, रील चांगली आली तर पुढची बॅच भरते. मंडळाला सीट भरायची नव्हती. पाऊस जास्त वाटला तर ते पाटणे फाट्यावरच चहा पिऊन मागं फिरायचे, कुणाचे पैसे परत करायची कटकट नव्हती. माझ्या कॉलेजच्या काळी आमचंही असंच होतं. गडापेक्षा फाट्यावरच्या हॉटेलवाल्याशीच आमची जास्त ओळख. मागं फिरणं ज्याला परवडतं, त्याच्याबरोबर पोरगी पाठवायला मला कमी भीती वाटते. हे त्या कंपनीच्या पोरांना कितीही समजावलं तरी त्यांचं गणित बदलत नाही, आणि तो त्यांचा दोषही नाही.

घरी आल्यावर ग्रुपवर नाव न घेता चार गोष्टी लिहिल्या: हजेरी मोजून घ्या, पेटी शेवटच्या माणसाकडं द्या, परत फिरायची वेळ आधी सांगा, पाण्याचा थांबा काढून टाका. लोकांनी नमस्काराची चिन्हं टाकली. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. वाटलं भांडेल, पण पोरगं नम्र होतं. म्हणाला, काका, पेटीचं पटलं, दोन पेट्या करतो. हजेरीचंही पटलं. पाण्याचा थांबा मात्र काढला तर लोक बुकिंगच करत नाहीत, काय करू? निदान दोर आणि ट्यूब ठेव, गुडघ्याच्या वर कुणी जायचं नाही म्हणून सांग, आणि काठावर तुझा माणूस उभा कर, एवढं तरी कर म्हटलं. बघतो म्हणाला.

त्या टोपीवाल्या पोराला पूर्ण पैसे देऊन कायमचा ठेव, असंही सांगितलं. तो म्हणाला, त्याला पुढच्या वर्षी बेंगळूरला नोकरी लागतीय. मग त्याच्या जागी कोण? कॉलेजचं मंडळ असतं तर आत्ता फर्स्ट इयरचा कुणीतरी त्याच्या मागं शेवटी चालत असता. आता तो दोर कुणाला देऊन जाणार, त्यालाच ठाऊक नाही.

पुढची बॅच पारगडची आहे. माझ्या मुलीनं आणि तिच्या मैत्रिणींनी नावं घातलीत. नको म्हणत नाही, घरात बसून रील बघण्यापेक्षा बरं. ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं, गाडी चांगली, जेवण चांगलं, फक्त पैसे भरायच्या आधी फोन करून 'शेवटी कोण चालतंय' एवढं विचारा आणि उत्तरात माणसाचं नाव मागा.

मी विचारलं तेव्हा मालक म्हणाला, "काका, तुम्हीच या की शेवटी चालायला. फी नको तुमची." मी म्हटलं येतो, पण पाय माझा मोडला तर तुझ्या इन्शुरन्समध्ये दवाखान्याचा खर्च बसतो का, पॉलिसीची प्रत पाठव. 'इन्शुरन्स इन्क्लूडेड' असं जाहिरातीत मोठ्या अक्षरात आहे. प्रत अजून आलेली नाही.